हरलेल्या सरदाराचा प्रवेश

दिवाळी सरते, धान कापून बांध्या मोकळ्या होतात आणि देवरीच्या आसपास गावोगावच्या मंडया भरू लागतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट, रात्री नाटक, असा झाडीपट्टीचा रिवाज आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतली ही रंगभूमी पुण्या-मुंबईच्या वाटेकडे डोळे लावून बसत नाही. वडशाहून नाटक मंडळ्या निघतात, कनाती उभ्या राहतात, तणस अंथरलं जातं आणि थंडीत घोंगडी पांघरून बसलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत जागेवरून हलत नाही. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आणि इथल्या लोककलांसाठी आयुष्य वेचलं. दंडार आणि खडी गंमत यांच्या शेजारीच इथे गद्य-संगीत नाटक वाढलं, आणि त्या नाटकात ऐतिहासिक नाटकाला मोठा मान होता. आज मंडळ्या कौटुंबिक आणि सामाजिक नाटकांवर चालतात, तरी जिरेटोप आणि तलवार दिसली की कनातीतल्या मागच्या रांगाही सावरून बसतात.

देवरी, चिचगड, सालेकसा, आमगाव या पट्ट्यात ऐतिहासिक नाटक बसवू पाहणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितो आहे. विषय एकच आहे: रणात हरलेला मानी सरदार. हा प्रवेश आपल्याकडे फार घाईने उरकला जातो. तलवार उपसून केलेल्या पल्लेदार भाषणाला अर्धा अंक मिळतो. पराभवाला मिळतो पडद्यामागचा गलका, धावत आलेला एक जखमी शिपाई, फितुराचं नाव आणि मग पडदा. माझं म्हणणं असं आहे की नाटक खरं सुरू होतं ते त्या शिपायाने निरोप दिल्यानंतर. जो माणूस सकाळी जग जिंकायला निघाला होता, तो दुपारी पहिलं वाक्य काय बोलतो, यावर ऐतिहासिक नाटकाची पारख करावी.

ही पारख शिकायची तर शेक्सपिअरचा ‘पाचवा हेन्री’ उघडावा. १५९९ च्या सुमाराचं हे नाटक. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी फ्रान्समधल्या अजँकूर इथे झालेली लढाई हा त्याचा गाभा. इंग्रज थोडे, थकलेले, आजारी. फ्रेंच संख्येने जास्त आणि मानमरातबाने त्याहून जास्त. नाटक हेन्रीचं, जयजयकार हेन्रीचा, पण नाटककाराने फ्रेंच उमरावांना पुन्हा पुन्हा रंगमंचावर आणलं आहे. लढाईच्या आदल्या रात्री त्यांना झोप येत नाही, आणि कारण भीती नसून उतावळेपणा आहे. राजपुत्र दोफँ आपल्या घोड्याची इतकी स्तुती करतो की सोबतचे सरदारच त्याला टोमणे मारू लागतात. सकाळी एक उमराव इंग्रज फौजेच्या फाटक्या अवताराचं वर्णन करतो, इतकं की हे लोक उभे कसे आहेत असं वाटावं. शत्रूकडचे किती कैदी आपल्या वाट्याला येतील यावर पैज लावण्याची भाषा होते.

आणि मग चौथ्या अंकातला पाचवा प्रवेश. जेमतेम दोन डझन ओळी. तेच उमराव धावत येतात आणि पहिले उद्गार त्यांच्या मायबोलीत, फ्रेंचमध्ये फुटतात. एरवी इंग्रजीत ऐटीने बोलणारी ही माणसं तुटक, अर्धी वाक्यं टाकत राहतात. रांगा मोडल्या आहेत. ज्यांच्यावर आपण पैजा लावल्या ते हेच का, असा सवाल एकजण करतो. दुसरा म्हणतो की अजूनही आपण इतके आहोत की नुसत्या गर्दीने त्यांना चिरडू, फक्त कोणी शिस्त लावणारा हवा. बूर्बाँचा ड्यूक मात्र ते ऐकत नाही. शिस्त आता सैतानाच्या घरी गेली, मी गर्दीत शिरतो, आयुष्य लांबलं तर लाजही लांबेल, अशा अर्थाचं बोलून तो परत रणाकडे वळतो. प्रवेश संपतो.

या एवढ्याशा प्रवेशात मला मोठं काही दिसतं. सकाळचा ताठा आणि दुपारचं धैर्य ही दोन वेगळी माणसं नाहीत. घोड्याच्या आणि कैद्यांच्या बढाया ज्या अभिमानातून आल्या, त्याच अभिमानातून मरायला परत जाणंही आलं. नाटककार त्यांची चेष्टा करत होता असं आदल्या प्रवेशापर्यंत वाटतं, आणि इथे एकदम त्यांची कणव येते. पुढे आणखी एक कठोर तपशील येतो. फ्रेंचांचा दूत माँजॉय हेन्रीकडे येऊन मृतांची मोजदाद करण्याची परवानगी मागतो. कारण काय, तर उमरावांची प्रेतं सामान्य शिपायांच्या रक्तात बुडून पडली आहेत, ती वेगळी काढायची आहेत. हरल्यावर, मेल्यावरही पंगत वेगळी. अभिमानाची ही दुसरी बाजू नाटककाराने लपवली नाही. इतिहासात दोफँ त्या लढाईत नव्हताच, पण नाटकाला रणांगणावर त्याचा ताठा हवा होता म्हणून त्याने त्याला तिथे उभं केलं. त्या उमरावांपैकीच एक असलेल्या खऱ्या ऑर्लिअँच्या ड्यूकचं पुढे काय झालं तेही नटांनी माहीत करून घ्यावं: तो कैद झाला, पंचवीस वर्षं इंग्लंडात बंदिवान राहिला आणि त्या काळात कविता लिहीत बसला. हरलेला माणूस संपत नाही, त्याला पुढे जगायचं असतं.

आता या नाटकातली गोष्ट जी आपल्या नाटककारांनी सर्वांत जास्त लक्षात घ्यायला हवी. ‘पाचवा हेन्री’त फितूर आहेत. पण ते इंग्रजांच्या बाजूला आहेत, जिंकणाऱ्याच्या बाजूला, आणि दुसऱ्याच अंकात पकडले जातात. हरणाऱ्या फ्रेंचांच्या छावणीत फितूर एकही नाही. म्हणजे आपल्या पराभवाचं खापर फोडायला त्यांच्याकडे दुसऱ्याचं डोकं नाही. त्यांना तो पराभव स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो, म्हणूनच तो प्रवेश जळतो. आपल्याकडे मात्र फितूर आला की प्रेक्षक सुटतो, नाटककार सुटतो आणि सरदारही सुटतो. सगळा राग एका काळ्या फेट्याच्या माणसावर निघतो आणि शोकांतिकेचं बळ त्याच्यासोबत पडद्यामागे जातं. फितुरी इतिहासात झाली नाही असं मी म्हणत नाही. ती झाली, आणि पुष्कळदा झाली. पण फितुरीने लढाई हरता येते, नाटक उभं राहत नाही.

मराठी ऐतिहासिक नाटकाचा जन्मच या प्रश्नाच्या शेजारी झाला आहे. विनायक जनार्दन कीर्तने यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ हे पहिलं स्वतंत्र ऐतिहासिक नाटक १८६१ सालचं. पानिपत १७६१ चं. बरोबर शंभर वर्षांनी मराठी नाटक इतिहासाकडे वळलं तेव्हा त्याने पानिपतावर नजर न टाकता पानिपताची जखम भरून काढणारा पेशवा निवडला. हा योगायोग असेल, पण त्यातून पुढची वाट कळते. आमच्या नाटकांना गड घेणं आवडलं, सुटका आवडली, न्यायनिवाडा आवडला. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ (१९०९) सारखं घरातल्या यादवीचं जबरदस्त नाटक आमच्याकडे झालं, पण मैदानात हरलेल्या सरदारांची बैठक, सगळं संपल्यावरचा तो अर्धा तास, तसा थोडाच आला.

पानिपत त्यासाठी किती मोठा ऐवज आहे पाहा. उपाशी छावणी. बायका-मुलं आणि बुणगे सोबत घेऊन उत्तरेत उतरलेली फौज, आणि ते मागे ठेवा, हलके होऊन लढा असं सूरजमल जाटाने सांगितलेलं असताना न ऐकणारा सदाशिवरावभाऊ. उपासाने मरण्यापेक्षा लढून मरू म्हणणारे शिपाई. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी विश्वासरावाला गोळी लागते आणि भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतो. रिकामी अंबारी दिसते आणि फौजेचा धीर सुटतो. सेनापती म्हणून ती चूक, पुतण्याचा चुलता म्हणून ती सहज कृती, आणि मानी माणूस म्हणून तो शेवटचा निर्णय. तिन्ही एका पावलात आहेत: हत्तीवरून उतरण्याच्या पावलात. इथे फितुराची गरजच काय? तरी आपण दीडशे वर्षं मल्हारराव होळकर का निघून गेले, गोविंदपंतांनी रसद का कमी पाठवली, याच वादात पानिपत घालवलं. मल्हाररावांवर नाटक लिहायचं तर तेही हरलेल्याचंच नाटक होईल. आयुष्यभर लढलेला म्हातारा सरदार रणातून निघतो तेव्हा घोड्याच्या पाठीवर त्याच्या मनात काय चाललं असेल, हे कुणी तरी लिहावं.

पराभवाच्या अगदी जवळ आमचं नाटक पोहोचलं ते आडवाटेने. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’मध्ये पानिपतानंतरच्या भाऊंच्या तोतयाची हकिकत आहे. तो तोतया १७७६ साली मारला गेला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी मात्र १७८३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, स्वतःला विधवा मानलं नाही. पराभव कबूल न करणं हेसुद्धा अभिमानाचं एक रूप आहे, आणि ते पुण्याच्या वाड्यात बावीस वर्षं जगलं गेलं. पुढे विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ कादंबरीवर आधारलेलं ‘रणांगण’ वामन केंद्रे यांनी बसवलं आणि रणभूमी पुन्हा मंचावर आली. गडकऱ्यांचं नाव इथे घ्यायलाच हवं, कारण ते आमच्या विदर्भाच्या मातीत विसावले. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला त्यांचं निधन झालं तेव्हा ‘राजसंन्यास’ अपुरं होतं. त्यातला संभाजी इतिहासाला धरून नाही, हे वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांनी पुढे दाखवलं, आणि नटांनी तो इतिहास म्हणून सांगू नये. पण पकडला गेलेला राजा स्वतःच्या राजेपणाचा हिशोब मांडतो, ही नाटकाची जागा गडकऱ्यांनी अचूक हेरली होती.

आता आपल्या दाराशी येऊ. देवरीवरून जाणारा मोठा रस्ता पश्चिमेला साकोली, भंडारा करत नागपूरला आणि पूर्वेला रायपूरला जातो. हा सगळा टापू नागपूरकर भोसल्यांचा, आणि देवरीच्या पलीकडे छत्तीसगडही त्यांचाच. त्या राज्याच्या पराभवाची गोष्ट १८१७ च्या नोव्हेंबरात नागपूरच्या सीताबर्डीला घडली. आम्ही शाळेत ती दोन ओळींत शिकतो. मी ती चार अंकांची समजतो.

अप्पासाहेब भोसले तेव्हा विशीतला. १८१६ च्या मे महिन्यात त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला होता. १८१७ च्या फेब्रुवारीत गादीवर असलेल्या चुलतभाऊ परसोजीचा खून झाला, संशय अप्पासाहेबावर आला आणि गादीही त्यालाच मिळाली. म्हणजे हा नायक स्वच्छ नाही. तसाच तो लेचापेचाही नाही: इंग्रजांची मिठी सैल करण्याची त्याची धडपड खरी होती. पुण्यात ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, पेशवा बाजीराव पळतीवर लागला. आणि २४ नोव्हेंबरला, म्हणजे हे सगळं होऊन गेल्यावर, अप्पासाहेबाने नागपुरात भर दरबारात त्याच पेशव्याकडून आलेली सेनापतिपदाची खिलत स्वीकारली. रेसिडेंट जेंकिन्सने विरोध केला होता, तो मानला नाही. ज्याच्या नावाने मान आला, त्याच्या वाड्यावर परकं निशाण फडकत आहे, आणि मान घेणारा तो अंगावर चढवून उभा आहे. नाटककाराने यात काही मिसळायची गरज नाही. हा प्रवेश लखलखीत सजवावा: चौघडा, चोपदार, मानकरी, जरीचा पोशाख. प्रेक्षकाला पुण्याची बातमी आधी दिलेली असली म्हणजे झालं.

दोन दिवसांनी, २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, तोफा सुरू झाल्या. इंग्रजांकडे जेमतेम दीड हजाराच्या आत-बाहेर माणसं, सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर. भोसल्यांची फौज अठरा हजारांच्या आसपास, त्यात सुमारे तीन हजार अरब पायदळ. रात्रभर गोळीबार चालला. २७ च्या सकाळी अरबांनी धाकटी टेकडी जिंकली आणि तिच्यावरची तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. त्या घटकेला नागपूरचं राज्य जिंकलेलं होतं. मग कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडेस्वारांनी खालच्या मैदानात चढाई केली, टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, अरबांची फळी फुटली आणि दुपारपर्यंत सगळं उलटलं. इंग्रजांची साडेतीनशेहून अधिक माणसं मेली वा जखमी झाली. त्यांच्या एवढ्याशा फौजेला हा मोठा घाव होता.

आणि अप्पासाहेब? त्याने वकील पाठवले: हा हल्ला माझ्या हुकुमाने झाला नाही, झालं त्याचं वाईट वाटतं. तीन दिवसांपूर्वीच्या सेनापतीचं पराभवानंतरचं हे पहिलं वाक्य. नट म्हणतील, यात वीररस कुठे आहे? मी म्हणतो, इथेच नटाची कसोटी आहे. त्या निरोपामागे भीती आहे, हिशोब आहे, गादी वाचवायची आशा आहे, आणि ते बोलताना स्वतःचंच वाटणारं ओझं आहे. त्याच्या समोर कुणाला उभं करायचं तेही इतिहासाने दिलं आहे. त्याचा सरदार मनभट आणि त्याच्या सोबतचे अरब. १६ डिसेंबरला अप्पासाहेब रेसिडेन्सीत जाऊन शरण आला. अरबांनी मात्र नागपूर शहर डिसेंबर सरत येईपर्यंत धरून ठेवलं. धनी शरण गेला, चाकर लढतो आहे. शेक्सपिअरच्या बूर्बाँने एकट्याने जे केलं ते इथे दोन माणसांत वाटलं गेलं आहे: एकाकडे मान, दुसऱ्याकडे मरण्याची तयारी. ही दोघं एका प्रवेशात समोरासमोर आली पाहिजेत. इतिहासात ती तशी आली की नाही हा प्रश्न नाटककाराला अडवत नाही.

अप्पासाहेबाची पुढची कथा तर आणखी उंच चढते. १८१८ मध्ये त्याला कैद करून उत्तरेकडे नेत असताना तो पहारेकऱ्यांच्या हातून वेष बदलून निसटला. महादेवाच्या डोंगरांत गोंडांनी त्याला आसरा दिला. तिथून असीरगड, मग पंजाब, आणि शेवटी जोधपूर. १८४० साली तिथेच तो वारला. शरण जाणारा तोच, आणि बावीस वर्षं परत न वाकणाराही तोच. सीताबर्डीच्या त्या निरोपावरून त्याला भित्रा ठरवून मोकळं होणाऱ्या नाटककाराने हा दुसरा भाग वाचलेला नसतो.

त्या धगीच्या ठिणग्या आपल्या रानापर्यंत आल्या. कामठा, आमगाव, सालेकसा, दरेकसा, चिचगड या इथल्या जमीनदाऱ्या. १८१८ साली कामठ्याच्या चिमणा पटेलाने अप्पासाहेबाच्या बाजूने बंड उभारलं. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठा घेतलं, चिमणा पटेल कैद झाला, जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली, आणि इंग्रजांनी काही काळ याच कामठ्यातून वैनगंगेकाठचा कारभार चालवून १८२० नंतर तो भंडाऱ्याला हलवला. गोंदियाहून हाकेच्या अंतरावर असलेल्या या गावावर आपल्या मंडईत एकही मोठं नाटक का नसावं? राजा आधीच हरलेला, त्याच्यासाठी जमीनदार उठतो. त्याला जिंकण्याची आशा किती होती? माझ्या मते या प्रश्नातच त्याचा अभिमान कळेल. त्याच वर्षी मे महिन्यात चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, वेढा पडला. किल्लेदार गंगासिंग त्या लढाईत पडला आणि २० मे रोजी गोंड राजांचा तो जुना परकोट इंग्रजांच्या हाती गेला.

चाळीस वर्षांनी चांद्याच्याच मुलखात बाबुराव शेडमाके उठला. मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार, जोडीला अडपल्ली-घोटचा व्यंकटराव. १८५८ च्या मार्चमध्ये बंड सुरू झालं, सप्टेंबरात बाबुराव पकडला गेला, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. वय पंचवीस. त्याला पकडून दिलं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईने, आणि तिला इंग्रजांकडून बक्षिसादाखल मुलूख मिळाला. इथे फितुरी खरी आहे, नाकारता येत नाही. म्हणूनच हा प्रवेश सगळ्यांत अवघड आहे. लक्ष्मीबाईला काळ्या रंगाने रंगवलं तर बाबुरावाचं दुःख हलकं होईल. तिलाही जमीनदारी होती, तिलाही घराणं राखायचं होतं, आजूबाजूला काय जळालं ते तिने पाहिलं होतं. तिचा हिशोब प्रेक्षकाला पटला पाहिजे, आणि पटूनही सहन होऊ नये. मग समोर बेड्यांत उभा असलेला बाबुराव काय बोलतो याला वजन येईल.

तो कोणत्या भाषेत बोलतो हेही ठरवायला हवं. आमच्या ऐतिहासिक नाटकांनी प्रत्येक सरदाराच्या तोंडी एकच दरबारी मराठी घातली, फारसी शब्दांनी जड झालेली. दरबारात ती शोभते. पण अजँकूरच्या उमरावांना हरल्या क्षणी मायबोली फुटली, तसं बाबुरावाच्या तोंडून त्या घटकेला गोंडी यावी. कामठ्याच्या शिपायाला झाडीबोली यावी. देवरीच्या प्रेक्षकांत गोंड आहेत, हलबा आहेत, छत्तीसगडी बोलणारे आहेत. ते शब्द त्यांना कुणी समजावून सांगावे लागणार नाहीत. प्रमाण मराठी सुटते तिथे माणसाचं सोंग सुटतं, हे प्रेक्षकाला कानानेच कळेल.

बसवण्याबद्दल थोडं. लढाई मंचावर दाखवण्याच्या मोहात पडू नये. चार पोरं तलवारी आपटत गोल फिरली की लढाई लहान होते. ती कनातीच्या पलीकडे, अंधारात ठेवावी. झाडीपट्टीच्या उघड्या मैदानाला हा मोठा फायदा आहे, बंद थिएटरला तो नाही: आवाज खरोखर लांबून येऊ शकतो, एखादा स्वार खरोखर बांधीतून धावत येऊ शकतो. पराभवाच्या प्रवेशात ऑर्गन थांबवावा. करुण सुरावट वाजली की प्रेक्षकाला कुठे रडायचं ते सांगितल्यासारखं होतं, आणि तो मग सांगितलं तेवढंच रडतो. गाणं असलंच तर आदल्या रात्रीच्या छावणीत असावं, ताठ्याचं, उत्साहाचं. प्रॉम्प्टरने या प्रवेशात नटाला वेळ द्यावा. हरलेला माणूस पटापट बोलत नाही, आणि रात्रीचे दोन वाजलेले असताना शांततेची भीती वाटते म्हणून वाक्य ढकलू नये. प्रेक्षक थांबतात.

पोशाखावर खर्च करायचाच असेल तर तो खिलतीच्या प्रवेशासाठी करावा, आणि तोच पोशाख सीताबर्डीनंतरच्या प्रवेशातही अप्पासाहेबाच्या अंगावर राहू द्यावा. बदलायला वेळ मिळाला नाही, एवढंच त्याचं कारण पुरेसं आहे. नटाला त्या जरीत अवघडल्यासारखं वाटलं तर दिग्दर्शकाने ते सुधारू नये.

पात्रवाटपात नेहमी एक चूक होते. आवाजाचा नट नायकाला आणि हरणाऱ्या सरदाराला मंडळातला दुय्यम नट. हे उलट करावं. विजयाचं भाषण दणकट आवाजाचा कुणीही नट पेलतो, कारण लेखक आणि प्रेक्षक दोघे त्याच्या बाजूला असतात. हरलेल्याच्या बाजूला त्या क्षणी कुणीच नसतं. तिथे मंडळातला सर्वांत अनुभवी माणूस हवा, ज्याला थांबायचं कसं ते येतं. आणि तालमीची सुरुवात पहिल्या अंकापासून न करता याच प्रवेशापासून करावी: वकील निरोप घेऊन निघाले आहेत, मनभट आत आला आहे, अप्पासाहेबाने अजून त्याच्याकडे पाहिलेलं नाही. हे उभं राहिलं की मग मागे जाऊन दरबार बसवावा, म्हणजे त्या चौघड्यात किती ताठा घालायचा ते नटाला कळलेलं असेल.